परसातल्या कोंबड्यांची सर्दी: वाचलेल्या कोंबड्यांचे काय करावे?

कुळागरवासी | ९ जुलै

नमस्कार. फोंडा तालुक्यात आमचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे आणि घरामागच्या परसात मी गेली नऊ वर्षे कोंबड्या पाळते आहे. काही अस्सल गावठी, काही श्रीनिधी या सुधारित जातीच्या, अशा मिळून जूनपर्यंत सतरा होत्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात गाडीवर पिंजरे लादून दारोदार फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी सहा तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घेतल्या. दिसायला त्या ठणठणीत होत्या. पाऊस कोसळत होता, दुसरे खुराडे तयार नव्हते, म्हणून त्याच संध्याकाळी त्यांना बाकीच्या कोंबड्यांत सोडले.

चौथ्या दिवशी सकाळी दाणे टाकताना पहिली शिंक ऐकली. आठवडा उलटायच्या आत तेवीसपैकी चौदा कोंबड्या आजारी पडल्या. माझी सर्वांत जुनी कोंबडी लाली, तिच्या डाव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आली आणि डोळा पूर्ण मिटला. नाकातून येणाऱ्या चिकट पाण्याला कोंडा चिकटून त्याची खपली होते. ती कोमट पाण्याच्या बोळ्याने काढली की आतून पुन्हा पाणी झरते आणि त्याला कुजकट वास येतो, जो हात साबणाने धुतल्यावरही जात नाही. रात्री खुराड्यापाशी उभे राहिले तर आतून घरघर ऐकू येते. अंडी दिवसाला अकरा मिळत होती, ती तीनवर आली. नव्यांपैकी दोन आणि जुनी एक अशा तीन कोंबड्या दगावल्या.

दुकानदाराने दिलेली पुडी पाच दिवस पाण्यातून दिली. तेवढे दिवस सूज ओसरली, खाणे सुधारले. औषध थांबवून चार दिवस होत नाहीत तोच पुन्हा शिंका सुरू झाल्या. हा रोग कोणता असावा, औषध पुन्हा द्यावे का, आणि मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न असा, की ज्या वीस कोंबड्या उरल्या आहेत त्यांना ठेवावे की नाही? गणेश चवथीनंतर नवी पिल्ले आणायचा बेत होता, आणि आता ती आणली तर त्यांचे काय होईल, याची भीती वाटते.

पेडण्याची_पारू | ९ जुलै

ताई, आधी एवढे सांगा: एखाद्या कोंबडीची मान पिळल्यासारखी वाकडी झाली का? हिरवी पातळ हगवण आहे का? पंख किंवा पाय लुळे पडले का? आणि कोंबड्यांना मानमोडीची लस कधी दिली होती?

कुळागरवासी | ९ जुलै

मान कुणाचीही वाकडी नाही, पायही धड आहेत. हगवण एकदोघींना आहे, पण हिरवी नाही. जुन्या कोंबड्यांना पिल्लू असताना लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंब डोळ्यात घातला होता. त्यानंतर लस दिलेली नाही, हे मला मान्य केले पाहिजे. नव्या तलंगांना कोणती लस दिली होती का, हे विक्रेत्याला विचारायचे सुचलेच नाही.

निवृत्त_पशुवैद्य | १० जुलै

मी बरीच वर्षे गोव्यातच पशुवैद्यकीय सेवेत काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कोंबडीची शिंक, घरघर, नाकाचे पाणी आणि सुजलेला चेहरा ही अनेक रोगांची सामाईक लक्षणे आहेत. केवळ लक्षणांवरून नाव ठरवणे धोक्याचे असते. मात्र कोणता रोग अधिक संभवतो आणि कोणता कमी, एवढे चौकशीतून कळते.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग आहे. १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे तो आढळला, म्हणून आपल्याकडे त्याला ते नाव पडले. जगात इतरत्र तो इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या नावाने ओळखला जातो. लस न दिलेल्या कळपात तो शिरला तर चारपाच दिवसांत खुराडे रिकामे होते, आणि श्वासाच्या त्रासाबरोबर हिरवी हगवण, लुळेपणा, वाकडी मान हेही दिसते. तुमच्याकडे ते नाही. मात्र अर्धवट लस मिळालेल्या कोंबड्यांत राणीखेत सौम्य रूपातही येतो, म्हणून तो पूर्णपणे बाजूला काढता येत नाही.

चेहऱ्याची एकतर्फी सूज, दुर्गंधीयुक्त चिकट स्राव, नवे पक्षी आल्यावर तीनचार दिवसांत आजार, आणि मरतूक कमी पण अंडी एकदम घटलेली, हे सारे संसर्गजन्य सर्दीकडे बोट दाखवते. तिला इन्फेक्शियस कोरायझा म्हणतात आणि ती एका जिवाणूमुळे होते. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत ती दिसू लागते. सर्दीचा हा रोग झटपट उठतो. त्या वासाने मी पूर्वी खुराड्याच्या दारातूनच हा रोग ओळखत असे.

रात्रीची घरघर आणि औषध थांबताच रोगाने डोके वर काढणे यावरून मात्र मला सीआरडीची, म्हणजे जुनाट श्वसनरोगाचीही शंका येते. तो मायकोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूचा रोग आहे. तो हळूहळू पसरतो, महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आणतो. हे दोन्ही रोग एकाच कळपात असणे मुळीच दुर्मिळ नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर, जे कोणालाही ऐकायला आवडत नाही. या दोन्ही रोगांतून बरी झालेली कोंबडी रोगाची वाहक राहते. तिच्या अंगात रोग दबून बसतो. थंडी, पाऊस, प्रवास, अंगावरची पिसे गळणे, जागेची दाटी अशा कोणत्याही ताणाने तो पुन्हा उफाळतो आणि नव्या पक्ष्यांना लागतो. औषधाने रोगाचा जोर मोडतो, रोग घरातून जात नाही. त्यामुळे या वीस कोंबड्यांत नवी पिल्ले सोडू नयेत, हे नक्की. त्यांना ठेवावे की काढावे हे त्यानंतरचे पाऊल आहे, आणि ते निदान झाल्यावर उचलावे.

सत्तरीकर | १० जुलै

डॉक्टरसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्या कोंबड्या आहेत. आजी पावसाळ्यात कोंबड्यांना लसूण आणि हळद कोंड्यात कालवून देई, खुराड्यात राख पसरी, संध्याकाळी धुरी करी. त्या काळी पुड्या नव्हत्या आणि तरीही परस भरलेले असे. आपण औषधांच्या मागे लागून गावठी कोंबडीची मूळची ताकद घालवत आहोत, असे मला मनापासून वाटते.

म्हादईकाठ | १० जुलै

सत्तरीकर, आमचीही आजी हेच करी, आणि मानमोडी आली की अख्खा वाडा कोंबड्यांविना होई, हेही तीच सांगे. परस पुन्हा भरायचे, कारण माहेरून पिल्ले यायची.

निवृत्त_पशुवैद्य | ११ जुलै

सत्तरीकर, तुमच्या आजींच्या दोन गोष्टी मी आजही सांगतो. राख पसरल्याने जमीन कोरडी राहते आणि पिसांतल्या उवा कमी होतात, हे खरे आहे. हळद-लसूण खाऊ घालण्याला माझी हरकत नाही. कोंबडी आवडीने खाते आणि त्याने अपाय होत नाही. मात्र त्याने कोरायझा बरा होत नाही, आणि तो प्रयोग करण्यात जे आठ दिवस जातात त्यांत रोग शेजारच्या तीन घरांत पोहोचतो.

धुरीला मात्र माझा ठाम विरोध आहे. कोंबडीच्या फुफ्फुसांना जोडून हवेच्या नऊ पिशव्या असतात आणि त्या पोटापर्यंत, अगदी काही हाडांच्या पोकळीतही पोहोचतात. श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखी लव असते; ती घाण आणि जंतू वर लोटून बाहेर काढते. धूर आणि ओल्या विष्ठेतून उठणारा अमोनिया ही लव मारतात. आजारी कोंबडीच्या खुराड्यात धुरी करणे म्हणजे तिची उरलीसुरली राखण काढून घेणे आहे.

औषधांविषयी एक गोष्ट सर्वांनीच ध्यानात घ्यावी. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनसारखी औषधे त्या भित्तिकेवरच घाव घालतात, त्यामुळे घरात माणसासाठी आणलेल्या उरलेल्या कॅप्सूल फोडून पाण्यात घालण्याचा या रोगावर काडीचा उपयोग होत नाही. दुकानातील पुडीत कोणते औषध होते, किती दिवस आणि किती मात्रेत दिले, हे ताईंनी पुडीवरून उतरवून घ्यावे व डॉक्टरांना दाखवावे. औषध चालू असतानाची आणि थांबवल्यानंतर पुडीवर दिलेल्या मुदतीतील अंडी घरातही खाऊ नयेत. कोलिस्टिन नावाचे औषध पूर्वी कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास वापरले जाई. माणसावरच्या उपचारातले ते शेवटचे शस्त्र असल्याने २०१९ मध्ये आपल्या देशात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. जुनी पाकिटे कोणाकडे पडून असतील तर ती वापरू नयेत.

डिचोलीचा_माड | ११ जुलै

मी कठोर बोलतो आहे असे वाटल्यास क्षमा असावी, पण सर्व कोंबड्या काढून टाका. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे हाच प्रकार झाला. मी भावनेच्या भरात बाराजणी ठेवल्या आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत चाळीसहून अधिक नवी पिल्ले गमावली. प्रत्येक वेळी मला वाटे की आता रोग गेला. शेवटी एका मार्च महिन्यात सर्व कापल्या, खुराड्यातले तूस जाळले, लाकडी दांड्या काढून उन्हात टाकल्या, जमीन खरवडून दोन वेळा चुना मारला आणि एक महिना जागा रिकामी ठेवली. त्यानंतर आणलेल्या कळपात आजवर शिंक ऐकलेली नाही. जी गोष्ट मी पहिल्या आठवड्यात करायला हवी होती, ती करायला मला दोन वर्षे लागली.

पेडण्याची_पारू | ११ जुलै

माझे मत वेगळे आहे. माझ्याकडे सीआरडीची लागण झालेल्या नऊ कोंबड्या चार वर्षे आहेत. त्या अंडी देतात, पहिल्यापेक्षा थोडी कमी देतात, आणि पावसाच्या पहिल्या झडीत दोनतीन दिवस शिंकतात. या चार वर्षांत मी एकही पक्षी आत आणला नाही आणि एकही बाहेर दिला नाही. दुसऱ्याच्या परसातून आल्यावर चप्पल बाहेर ठेवते, खुराड्यासाठी वेगळी चप्पल आहे. ज्याला कोंबड्यांचा धंदा करायचा नाही, घरापुरती अंडी हवी आहेत, त्याने सगळ्यांना मारलेच पाहिजे असे नाही. मात्र कळप बंद ठेवायचा म्हणजे खरोखरच बंद ठेवायचा. पाहुण्यांनी आणलेला एखादा कोंबडासुद्धा त्यात सोडायचा नाही.

डिचोलीचा_माड | ११ जुलै

पारूताई, चार वर्षे एवढी शिस्त पाळणारे घर गावात क्वचितच सापडेल. तुम्ही पाळलीत, त्याबद्दल मला आदरच आहे. माझ्या घरी सहा माणसे आणि तीन दारे आहेत. मला ते जमले नसते.

मोरजीची_वाळू | १२ जुलै

हा बर्ड फ्ल्यू नाही ना? मुलांना खुराड्याजवळ जाऊ द्यावे का?

निवृत्त_पशुवैद्य | १२ जुलै

प्रश्न रास्त आहे. भारतात बर्ड फ्ल्यू प्रथम २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला आणि २०२१ च्या आरंभी परभणी जिल्ह्यातही त्याने कोंबड्या मेल्या. त्याच्या तीव्र प्रकारात आदल्या दिवशी धडधाकट असलेले पक्षी दुसऱ्या दिवशी मरून पडलेले दिसतात, तुरा निळाजांभळा होतो, डोके सुजते, पायांच्या खवल्यांवर रक्ताचे डाग येतात. तेवीसपैकी तीन, तेही आठवडाभरात, हे चित्र त्याच्याशी जुळत नाही.

तरीही सुजलेला चेहरा दोन्हीकडे असतो, म्हणून कळवण्यात हयगय करू नये. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे. राणीखेत आणि बर्ड फ्ल्यू दोन्ही त्याच्या यादीत आहेत आणि संशय आल्यास कळवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कळवले की सगळ्या गावाच्या कोंबड्या मारतील, या भीतीने लोक गप्प बसतात. सरसकट मारणी बर्ड फ्ल्यू प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यावरच होते, आणि ती तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत होते. तसे झाल्यास एक किलोमीटरच्या आतील पक्षी नष्ट करतात आणि मालकाला भरपाई मिळते. सर्दीसाठी कोणी कोणाच्या कोंबड्या मारत नाही.

कोरायझा आणि सीआरडी माणसाला होत नाहीत. राणीखेतच्या विषाणूने मात्र हाताळणाऱ्याचे डोळे चारपाच दिवस लाल होऊ शकतात. निदान होईपर्यंत मुलांना लांबच ठेवावे. मोठ्यांनीही नाकातोंडावर फडके बांधावे आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत.

तूस_आणि_कोंडा | १३ जुलै

माझा अनुभव सांगते, कारण माझी फसगत वेगळ्याच कारणाने झाली होती. गेल्या पावसाळ्यात माझी पिल्ले चोच उघडी टाकून धापा टाकू लागली. मी सर्दी समजून दहा दिवस औषध दिले, तरीही ती एकेक करून गेली. शेवटी मेलेले पिल्लू फाडून पाहिले तेव्हा डॉक्टरांना फुफ्फुसात मोहरीएवढ्या पिवळट गाठी दिसल्या. ती बुरशी होती. गिरणीवरून आणलेले तूस पोत्यातच ओले झाले होते, आतून गरम लागत होते, आणि मी तेच खाली अंथरले होते. हा रोग एका पक्ष्याकडून दुसऱ्याला लागत नाही, सर्वांना एकाच तुसातून होतो, आणि त्यावर पुडीचा उपयोग नाही. तेव्हापासून पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तूस कोरडे व थंड असल्याची खात्री केल्याशिवाय मी ते वापरत नाही. आपल्याकडे चार महिने हवेतच पाणी असते, त्यामुळे हे सर्वांनी पाहावे.

निवृत्त_पशुवैद्य | १३ जुलै

फार मोलाची गोष्ट लिहिलीत. त्याला जोडून एक सांगतो. खुराड्याची हवा उभ्याने हुंगू नका. कोंबडीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून वीतभर अंतरावर नाक नेऊन हुंगा. तिथे डोळे चुरचुरले तर ती हवा तिच्या श्वासाला घातक आहे. रात्री ऊब राहावी म्हणून लोक चारही बाजूंना प्लास्टिक लावतात. पावसाच्या बाजूला लावा, पण वरचा हातभर भाग मोकळा ठेवा. कोंबडीला गारठ्यापेक्षा कोंडलेली ओली हवा अधिक मारते.

सत्तरीकर | १३ जुलै

धुरीचे म्हणणे पटले. आजीच्या वेळी खुराडे कुडाचे होते आणि धूर बाहेर निघून जाई. माझे चिऱ्याचे आहे आणि त्याला एकच दार आहे. हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता मागच्या भिंतीचे दोन चिरे काढून जाळी बसवतो.

आजारी कोंबडी खात नसेल तर तिला पाणी किंवा औषध पाजावे का? आम्ही चोच उघडून चमच्याने ओततो.

निवृत्त_पशुवैद्य | १३ जुलै

ओतू नका. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, आणि ओतलेले पाणी सरळ तिच्यात उतरते. घरघरणारी कोंबडी अशाने हातातच मरते आणि आपण रोगाला दोष देतो. चोचीच्या बाजूला थेंब लावा, ती स्वतः गिळते. दुसरी गोष्ट अशी, की कोंबडीला माणसासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली तरच तिचा श्वास चालतो. डोळा पुसताना तिला काखेत घट्ट दाबून धरू नका, पंख अलगद मिटून मांडीवर बसवा. खाण्यासाठी मशिंगेचा (शेवग्याचा) पाला बारीक चिरून द्यावा, लाल भोपळा किसून द्यावा. अ जीवनसत्त्व कमी पडले तर नाकाघशाचे अस्तर कमजोर होते आणि सर्दी बळावते.

म्हापशाचा_शुक्रवार | १४ जुलै

एक विषय टाळला जातो आहे, तो मी काढतो. खुराड्यात शिंका सुरू झाल्या की पुष्कळ जण उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊन विकतात. मी स्वतः म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेल्या कोंबडीबरोबर रोग घरी आणला आहे. विकणाऱ्या बाईंनी नाक स्वच्छ पुसून आणले होते, हे मला घरी आल्यावर कळले, कारण पंखाच्या आतल्या पिसांवर वाळलेला शेंबूड होता. झोपताना कोंबडी डोके पंखाखाली घालते, त्यामुळे तिथे तो राहतो. तेव्हापासून मी कोंबडी घेताना आधी पंख उचलून पाहतो.

राखणदाराला, म्हणजे गावच्या रक्षक देवाला, द्यायचा कोंबडा घेताना तर आपण घाईत असतो आणि किंमतही करत नाही. तो कोंबडा दोन दिवस आपल्याच खुराड्यात राहतो आणि तेवढे पुरते. तो वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावा, एवढेच सांगणे आहे.

डिचोलीचा_माड | १४ जुलै

पूर्ण सहमत. रोगी कोंबडी विकणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकणे. माझ्याकडून मी कापलेल्या कोंबड्यांचा पैसा बुडाला, पण रोग माझ्या कुंपणातच संपला.

वाळपईची_वाट | १५ जुलै

लसीबद्दल कोणी सविस्तर सांगेल का? आमच्याकडे अकरा कोंबड्या आहेत. दुकानात लासोटाची लहानात लहान बाटली शंभर मात्रांची मिळाली. एवढ्या मात्रांचे करायचे काय, म्हणून मी घेतलीच नाही.

पेडण्याची_पारू | १५ जुलै

याच कारणाने निम्म्या गावात लस होत नाही. आम्ही वाड्यावरच्या नऊ घरांनी मिळून तोडगा काढला आहे. दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवतो, एक बाटली घेतो आणि त्या सकाळी सर्व घरांच्या कोंबड्यांना थेंब घालतो. बाटली बर्फ भरलेल्या थर्मासमधून आणतो, कारण ती दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. विरघळवल्यावर दोन तासांच्या आत संपवतो. पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी हे केले की एकीमागे धावावे लागत नाही. एका डोळ्यात एक थेंब घालायचा, आणि तिने डोळा मिटून उघडेपर्यंत धरून ठेवायचे, नाहीतर थेंब गालावरून ओघळतो. खर्च प्रत्येक घरी चहाच्या कपाएवढा येतो.

निवृत्त_पशुवैद्य | १५ जुलै

उत्तम व्यवस्था आहे. पुढची टोचायची लस, जिला आर-टू-बी म्हणतात, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पशुवैद्याकडूनच द्यावी आणि पिल्लूपणी लासोटा झाल्याशिवाय देऊ नये. आजारी कळपाला कोणतीही लस देऊ नये. आणि घरोघरी थेंब घालत फिरणारा माणूस शिंकणाऱ्या खुराड्यातून निरोगी खुराड्यात जाऊ नये. लसीच्या फेरीबरोबर सर्दीची फेरी झालेली मी पाहिली आहे. हेही समजून घ्या, की ही लस मानमोडीची आहे. तिने कोरायझा थांबत नाही.

कुळागरवासी | २४ जुलै

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरी आणखी एक कोंबडी गेली. डॉक्टरसाहेबांनी निदानाविषयी लिहिलेले वाचून मी ती बर्फात गुंडाळून, दोन पिशव्यांत घालून, गोठू न देता दवाखान्यात नेली. चार कोंबड्यांचे रक्तही घेतले. कोरायझा आहे, आणि चारपैकी तीन रक्तांत मायकोप्लाझ्माही निघाला. राणीखेत नाही.

डॉक्टरांनी औषध बदलून दिले, ते पूर्ण दिवस दिले. आता एकोणीस आहेत आणि सर्व खात आहेत. खुराड्याच्या वरच्या बाजूला जाळी लावली, तूस बदलले. मेलेल्या कोंबड्या पुरण्यासाठी मात्र आम्हांला दोन दिवस झुंजावे लागले; हातभर खणले की चिऱ्याचा कातळ लागतो, आणि जिथे माती खोल आहे तिथे कुळागराचे पाट आणि विहीर जवळ आहे. शेवटी वरच्या अंगाला काजूच्या झाडांत पहारीने कंबरभर खड्डा केला आणि खाली-वर चुना टाकला.

एक शंका उरली आहे. नवे पक्षी आणायचे नाहीत हे समजले. पण यांचीच अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून पिल्ले काढली तर चालतील ना?

निवृत्त_पशुवैद्य | २४ जुलै

नाही. कोरायझा अंड्यातून जात नाही, पण मायकोप्लाझ्मा जातो. आईच्या अंड्यातूनच काही पिल्ले रोग घेऊन बाहेर येतात आणि पहिल्याच आठवड्यात इतरांना देतात. ती अंडी शिजवून खायला हरकत नाही, औषधाची मुदत संपल्यावर. उबवण्यासाठी नको.

निदान मिळवलेत, हे फार चांगले झाले. आता दोन्ही वाटा तुमच्यापुढे स्पष्ट आहेत. डिचोलीच्या मित्रांची वाट घ्यायची असेल तर ती पावसाळ्यात घेऊ नका. हे दोन्ही जंतू कोंबडीच्या बाहेर, कोरड्या उन्हात, थोड्याच दिवसांत मरतात, पण ओलाव्यात अधिक टिकतात. चुना मारलेले खुराडे जुलैत वाळणार नाही. आणि पुढे कधीही नवे पक्षी आणाल तेव्हा तीस दिवस वेगळे ठेवा, त्यांचे दाणापाणी सर्वांत शेवटी करा. शेवटच्या आठवड्यात आपली एक निरोगी कोंबडी त्यांच्यात सोडा. नवे पक्षी वरून धडधाकट दिसणारे वाहक असतील तर ती एक आजारी पडेल, बाकीच्या वाचतील.

डिचोलीचा_माड | २४ जुलै

ताई, मी पहिल्या दिवशी कापा म्हणालो होतो. पावसाळ्याविषयी डॉक्टरसाहेब म्हणतात ते खरे आहे; मी मार्चमध्ये केले म्हणूनच ते यशस्वी झाले असावे.

कुळागरवासी | २६ जुलै

घरी बसून सर्वांनी विचार केला. या एकोणीस कोंबड्या मार्चपर्यंत ठेवायच्या, तोवर कळप बंद. एकही आत नाही, एकही बाहेर नाही, अंडी फक्त घरात. चवथीला येणाऱ्या नणंदेला दरवर्षी दोन गावठी कोंबड्या देते, यंदा तिला फोन करून कारण सांगितले. शिमगा झाला की सर्व काढायच्या, खुराडे उन्हात उघडे टाकायचे आणि पावसाआधी नवी सुरुवात करायची. लालीचे काय करायचे, ते मी अजून मनाशी ठरवू शकलेले नाही. तिचा डोळा उघडला, पण त्यावर पांढरा पडदा आला आहे. दाणे टिपताना ती मान पूर्ण डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने पाहते, आणि तोवर बाकीच्या दाणे संपवतात, म्हणून तिची वाटी मी वेगळी ठेवते.

शेजारच्या चारही घरी जाऊन, कुंपणाबाहेर उभी राहून, माझ्याकडे कोणता रोग आहे ते सांगितले. त्यांपैकी एका घराने त्याच विक्रेत्याकडून तलंगा घेतल्या होत्या आणि त्यांच्याकडेही शिंका आहेत. त्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवला. उरलेल्या तिघांच्या कोंबड्या निरोगी आहेत. पारूताईंच्या पद्धतीने त्यांच्यासाठी लासोटाची बाटली सांगितली आहे. पैसे मी दिले आहेत, थर्मासही माझाच आहे, पण शनिवारी सकाळी थेंब घालायला मी जाणार नाही. बाटली फाटकावर ठेवून परत येईन.

पेडण्याची_पारू | २६ जुलै

थर्मास बाहेरून पुसून द्या, आणि परत घेताना आधी उन्हात ठेवा. शनिवारी ऊन नसले तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा.